रणगाड्यांच्या खेळाचा सर्व्हर गावात ठेवावा की मुंबईत?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. गावच्या अभ्यासिकेत जुने संगणक आहेत, त्यावर पोरं बीझेडफ्लॅग हा रणगाड्यांच्या लढाईचा खेळ खेळतात. एका संगणकावर सर्व्हर (सगळ्या खेळाडूंचे संगणक ज्याला जोडले जातात तो प्रोग्राम) लावला की खोलीतल्या खोलीत खेळ छान चालतो. पोळ्याला सामने भरवायचे आहेत आणि पुण्या-नागपुरात शिकायला गेलेल्या मित्रांनाही त्यात घ्यायचं आहे. पण राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार, उघडूनही बाहेरचं कोणी जोडलं जात नाही. एका मित्राच्या नागपूरच्या खोलीवर सर्व्हर लावून पाहिला, तर रणगाडे उड्या मारत सरकायचे, गोळी आरपार जायची. वर गावात लाईन गेली की सगळं मुळापासून सुरू करावं लागतं. तर सर्व्हरच्या सेटिंगची फाईल कशी लिहावी?

भाऊ, फाईलचं सांगतोच. पण तुमच्या बहुतेक अडचणी फाईलमुळे आलेल्या नाहीत, सर्व्हर कुठं ठेवलाय त्यामुळे आल्या आहेत. खेळणारी माणसं कुठं बसलीत हे आधी पाहायचं, त्यावरून सर्व्हरची जागा ठरवायची आणि मग फाईल लिहायची. तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या खेळासाठी सर्व्हर अभ्यासिकेतच राहू द्या आणि बाहेरगावचे मित्र येणार त्या दिवसापुरता दुसरा सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्या. खेळाच्या मैदानाचा नकाशा तोच, फाईलही जवळपास तीच.

बाहेरचं कोणी जोडलं का जात नाही, ते आधी बघू. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून जो आकडा, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, दिसतो तो बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. जगात आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते कमी पडले, म्हणून इंटरनेट देणारे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. मोठ्या वाड्यात बिऱ्हाडं वीस आणि रस्त्यावर उघडणारं दार एक, तसं हे आहे. तुम्ही तुमच्या खोलीची कडी काढली तरी वाड्याचा दिंडीदरवाजा दुसऱ्याच्या हातात आहे. आकडा त्या पट्ट्यात नसला तरी 'माझा आयपी काय' असं दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जाऊन ताडून पाहा. दोन्ही आकडे वेगळे निघाले तर अर्थ तोच. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगवर, म्हणजे राउटरवर पोर्ट उघडण्यावर, कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही. स्थिर पत्ता मागता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि गावपातळीवरच्या जोडणीत तो मिळेलच असं नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याने सुटेल असं कोणी सांगेल, पण बीझेडफ्लॅगची २.४ मालिका आयपीव्ही४वरच चालते, त्यामुळे तो रस्ता इथं बंद आहे.

नागपूरच्या खोलीवर मात्र मित्र जोडले गेले, म्हणजे तिथं पत्ता बरोबर होता. तिथला दोष वेगळा होता आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

हा खेळ ५१५४ या पोर्टवर चालतो आणि त्याला टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धती (प्रोटोकॉल) लागतात. खेळाडू आत येतो तो टीसीपीवरून. नंतर रणगाडा कुठं आहे, कुठं वळला, गोळी कधी सुटली ही सारखी बदलणारी माहिती यूडीपीवरून जायला हवी. राउटरवर बऱ्याच जणांकडून फक्त टीसीपी उघडलं जातं. मग खेळ सुरू तर होतो, पण सगळी माहिती टीसीपीवरून वाहते. टीसीपीचा नियम असा की एक पाकीट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पाकिटं अडून राहतात. पडद्यावर याचा परिणाम काय होतो? समोरचा रणगाडा क्षणभर गोठतो आणि मग एकदम पाच-सहा रणगाड्यांच्या अंतरावर उगवतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे. खात्री करायला सर्व्हरचा पासवर्ड देऊन प्रशासक व्हा आणि 'प्लेअरलिस्ट' ही आज्ञा द्या. प्रत्येक खेळाडूच्या पत्त्यापुढे यूडीपी असा शेरा दिसला पाहिजे. ज्याच्यापुढे तो नाही, त्याची वाट कुठंतरी अडली आहे. लिनक्सवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलला (नको ती जोडणी अडवणाऱ्या प्रोग्रामला) फक्त पोर्टचा आकडा दिला, प्रोटोकॉल लिहिला नाही, की दोन्ही उघडतात. भाड्याच्या सर्व्हरवर मात्र कंपनीच्या पानावरची फायरवॉल वेगळी असते, तिथंही दोन्ही ओळी घालाव्या लागतात. हे विसरलं जातं आणि मग माणूस उगाच फाईलमध्ये दोष शोधत बसतो.

गोळी आरपार जाण्याचं कारण आणखी खोल आहे. बीझेडफ्लॅगमध्ये गोळी लागली की नाही, हे ज्याला लागायची त्याचाच संगणक ठरवतो. सर्व्हर तो निर्णय फक्त सगळ्यांना कळवतो. तुमच्या पडद्यावर गोळी बरोबर रणगाड्यावर बसलेली दिसते, पण समोरच्याच्या संगणकावर तोवर तो रणगाडा बाजूला सरकलेला असतो, म्हणून तो मरत नाही. शिवाय मधल्या काळात तुमचा संगणक समोरच्याचा वेग आणि दिशा बघून तो कुठं असेल याचा अंदाज काढत असतो. नेट एकसारखं संथ असेल तर या अंदाजाला एक लय येते, चांगला खेळाडू थोडं पुढे नेम धरतो आणि जमवून घेतो. नेट कधी ४० मिलिसेकंद, कधी ३००, असं हलत राहिलं की कोणाचाच अंदाज टिकत नाही. या हेलकाव्याला जिटर म्हणतात. म्हणून माझा आग्रह असतो की आधी जिटर बघा, पिंग (माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ) नंतर. 'लॅगस्टॅट्स' ही आज्ञा दिली की प्रत्येकाचा लॅग (म्हणजे पिंगच), जिटर आणि हरवलेल्या पाकिटांचं प्रमाण समोर येतं. १५० लॅग आणि ५ जिटरवाला खेळाडू सगळ्यांसोबत नीट खेळू शकतो. ६० लॅग आणि ८० जिटरवाला सगळ्यांचा खेळ बिघडवतो.

जिटरचं उगमस्थान बहुतेक वेळा वाय-फाय असतं. अभ्यासिकेत केबल टाकलीच असेल, नसेल तर टाका. सहा नंबरची केबल १०० मीटरपर्यंत चालते, खोलीला पुरून उरते. बाहेरच्या मित्रांनाही सांगा की सामन्यापुरतं तरी लॅपटॉप राउटरला तारेने जोडा. होस्टेलच्या वाय-फायवर, रात्री सगळे व्हिडिओ बघत असताना, कोणताच सर्व्हर काही करू शकत नाही.

आता मुंबईच का. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे. फायबर त्याच रस्त्याने गेली असं धरलं तर जाऊन-येऊन १४०२ किलोमीटर, म्हणजे ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात वाट वाकडी असते, मध्ये उपकरणं असतात, म्हणून गावातून ३० ते ४० धरा. एवढ्यात हा खेळ उत्तम होतो. तोच सर्व्हर स्वस्त पडतो म्हणून अमेरिकेत घेतला तर २०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. शिवाय आपल्याकडचं बरंचसं इंटरनेट मुंबईला जाऊनच एकमेकांना भेटतं, त्यामुळे गाव, नागपूर आणि पुणे या तिन्ही ठिकाणांहून ती मधली जागा ठरते. सर्व्हर घेताना ठिकाण 'मुंबई' असल्याचं नीट वाचून घ्या.

यंत्र किती मोठं लागेल याची काळजी करू नका. हा खेळ ख्रिस शोनमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नेल विद्यापीठात असताना लिहायला घेतला आणि त्या काळच्या यंत्रांवर चालवला. सर्व्हरला चित्र काढायचं नसतं, तो नुसती माहिती इकडून तिकडे देतो. एक कोअर आणि १ जीबी मेमरी असलेलं सगळ्यात छोटं यंत्र घ्या, तासावर भाडं मोजणारं मिळालं तर सामने संपल्यावर बंद करा. अभ्यासिकेतला सगळ्यात जुना संगणकही या कामाला पुरतो.

वजन पडतं ते अपलोडवर. प्रत्येक खेळाडूची हालचाल बाकी सगळ्यांना पाठवायची असते, म्हणून १० खेळाडूंना ९० प्रवाह आणि २० खेळाडूंना ३८०. समजा प्रत्येक प्रवाहात सेकंदाला २० पाकिटं, पाकीट १०० बाइटचं, तर १० खेळाडूंना दीड एमबीपीएसच्या आत भागतं आणि २० खेळाडूंना ६ लागतात. खेळाडू दुप्पट, भार चौपट. ज्या जोडणीत डाऊनलोड भरपूर आणि अपलोड तुटपुंजं असतं, तिथं घरचा सर्व्हर इथंच गुदमरतो. अंदाजाप्रमाणे सरळ चालणारा रणगाडा कमी पाकिटं पाठवतो, त्यामुळे खरा आकडा याहून खाली राहतो, पण तयारी एवढ्याची ठेवा.

आता फाईल. साधी मजकुराची फाईल, एका ओळीवर एक पर्याय, आणि सर्व्हर सुरू करताना 'कॉन्फ' या पर्यायाने तिचं नाव द्यायचं. पर्याय फाईलमध्ये रोमन अक्षरांत आणि पुढे वजाचिन्ह लावून लिहायचे असतात, मी इथं उच्चाराने देतोय. क्लायंट (खेळाडूच्या संगणकावरचा खेळ) आणि सर्व्हर दोन्ही २.४ मालिकेतलेच हवेत.

'एमपी' हा पर्याय खेळाडूंची संख्या ठरवतो. त्यात स्वल्पविरामाने सहा आकडे येतात आणि त्यांचा क्रम असा: बिनसंघाचे, लाल, हिरवे, निळे, जांभळे, प्रेक्षक. दोन संघांचा सामना असेल तर ०,५,५,०,०,६ असं लिहा. प्रेक्षकांच्या जागा जरूर ठेवा, गावात खेळणाऱ्यापेक्षा बघणारे जास्त असतात आणि एक पडदा प्रेक्षक म्हणून लावून ठेवला की मागे बसलेल्यांनाही लढाई दिसते. 'सी' दिल्यावर झेंडा पळवण्याचा खेळ होतो. समोरच्याचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणला की त्यांचे सगळे रणगाडे एकदम उडतात. नवख्यांना एक गोष्ट आधीच सांगा: आपलाच झेंडा घेऊन समोरच्याच्या तळावर गेलात तर आपलाच संघ उडतो.

'जे' म्हणजे उडी. द्या, खेळात जीव येतो. 'एमएस' म्हणजे एका वेळी किती गोळ्या. मुळात एकच असते आणि ती पुन्हा भरायला साडेतीन सेकंद लागतात. नवख्यांना ते फार वाटतं, म्हणून ३ ठेवा. अधिकचिन्ह आणि 'आर' दिलं की गोळ्या भिंतीवरून उसळतात. हा मी रोजच्या खेळात देतो, सामन्यात देत नाही, कारण अरुंद गल्लीत मग नेमापेक्षा नशीब चालतं. वाटेत पडलेल्या, उचलणाऱ्याला बरी-वाईट शक्ती देणाऱ्या खास झेंड्यांचं मात्र बघून ठरवा. आंधळं करणारे, फक्त डावीकडे वळू देणारे वाईट झेंडे लहान पोरांना रडवतात. 'एफ'पुढे 'बॅड' लिहिलं की ते सगळे एकदम निघतात. सामन्यात शॉकवेव्ह आणि जेनोसाइड हे झेंडेही काढा. जेनोसाइडच्या एका गोळीत अख्खा संघ जातो आणि त्यावरून भांडणं होतात.

'लॅगवॉर्न' आणि 'जिटरवॉर्न' मिलिसेकंदात असतात, ओलांडलं की खेळाडूला ताकीद जाते. 'लॅगड्रॉप' आणि 'जिटरड्रॉप' दिलेत तरच ठरावीक ताकिदींनंतर तो बाहेर पडतो. मुंबईच्या सर्व्हरवर लॅग २५० आणि जिटर ५० ठेवून बघा, पण सामन्याच्या दिवशी ड्रॉप लावू नका. दूरवरून आलेला मित्र यंत्राने हाकलण्यापेक्षा पंचांनी बघून ठरवलेलं बरं. अभ्यासिकेतल्या सर्व्हरवर या ओळींची गरजच नाही. दोन फाईलींत फरक साधारण एवढाच राहतो.

'पब्लिकटायटल' लिहू नका. ते लिहिलं नाही की सर्व्हर जगाच्या यादीत जात नाही, मित्र पत्ता टाकून थेट येतात. स्वागताचा 'एसआरव्हीएमएसजी' रोमन अक्षरांतच लिहा, खेळात देवनागरी उमटत नाही.

नकाशावर, म्हणजे आपल्याच गावासारखं मैदान बनवण्यावर, मात्र मनसोक्त वेळ घालवा, कारण पोरांचा जीव तिथंच रमतो. मैदान मुळात ८०० एककं रुंद असतं आणि रणगाडा सेकंदाला २५ जातो, म्हणजे या टोकाहून त्या टोकाला ३२ सेकंद. पाच विरुद्ध पाच खेळताना निम्मा वेळ एकमेकांना शोधण्यात जाईल. ४०० करा. नकाशाच्या फाईलमध्ये मैदानाचा 'साईझ' अर्धा लिहायचा असतो, म्हणजे ४०० हवं तर २००. इमारती-भिंती ज्यांनी बनतात त्या पेट्यांचंही तसंच: लांबी-रुंदी मध्यापासून अर्धी, उंची मात्र पूर्ण. शाळेची इमारत ४० बाय १६ आणि ६ उंच हवी तर आकडे २० ८ ६.

उंची ठरवताना हे आकडे जवळ ठेवा. रणगाडा १९ वेगाने उडी मारतो, गुरुत्वाकर्षण ९.८ आहे, म्हणजे तो १८.४ उंच जातो. जिनिंगच्या शेडवर चढता यायला हवं असेल तर ती १५ पर्यंत ठेवा, चढता येऊ नये असं पाण्याच्या टाकीसारखं काही असेल तर २५. गोळी जमिनीपासून १.५७ उंचीवरून जाते आणि रणगाडा २.०५ उंच आहे. म्हणजे दीड उंचीचं कुंपण रणगाड्याला अडवतं पण गोळीला नाही, आणि ३ उंचीच्या भिंतीमागे पूर्ण लपता येतं. या दोन प्रकारच्या भिंती आलटून पालटून ठेवल्या की एक साधी गल्लीसुद्धा खेळायला मजेदार होते. पाराचा ओटा करायचा असेल तर उंची ०.३ ठेवा, रणगाडा न अडखळता वर चढतो, त्याहून उंच केला तर धडकून थांबेल. तळ दोन विरुद्ध कोपऱ्यांत ठेवा आणि प्रत्येक तळावर यायला किमान दोन वाटा द्या, एकच वाट असली की तिथं दोघं दबा धरून बसतात आणि खेळ अडतो. गावाचा नकाशा पोरांनाच कागदावर काढायला लावा, चौकटीच्या वहीवर. आकडे तिथूनच उतरवता येतात.

सामन्याची वेळ 'टाईम' या पर्यायाने सेकंदात द्यायची, २० मिनिटांना १२००. सोबत 'टाईममॅन्युअल' लिहा, म्हणजे सगळे आत येऊन बसेपर्यंत घड्याळ चालू होत नाही, पंचांनी 'काऊंटडाऊन' दिलं की सुरू होतं.

विजेचं. अभ्यासिकेतला सर्व्हर चालू बॅटरीच्या जुन्या लॅपटॉपवर हलवा, इन्व्हर्टर पलटी मारताना संगणक बंद पडायची कटकट संपते. नेटची पेटी आणि स्विच बहुधा १२ व्होल्टवर चालतात, अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावा. साधाच संगणक ठेवायचा असेल तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू करा आणि सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) सर्व्हरची सेवा बनवून 'रिस्टार्ट ऑलवेज' लिहा. मग लाईन आल्यावर कोणाला खोली उघडायला पळावं लागणार नाही. ही सेवा रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, नावाने चालवू नका, वेगळा वापरकर्ता करा. खोलीवर टिनाचं छत असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी बंदच ठेवा.

पोळा पावसाळ्यात येतो, तेव्हा विजेच्या कडकडाटाचं गांभीर्याने घ्या. ग्रामपंचायतीतून अभ्यासिकेपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून आणली असेल तर ती काढून तेवढा टप्पा फायबरने जोडा. दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेतून आलेला झटका स्विचसकट सगळे संगणक घेऊन जातो. तोवर आभाळ भरून आलं की ती केबल स्विचमधून उपसून ठेवा. खोलीतला खेळ नेटशिवायही चालूच राहील, कारण सर्व्हर तिथंच आहे.